नळीतली जमाबंदी

मराठवाड्याच्या गावरचनेत भूमीचे दोन वर्ण पूर्वापार मानले गेले आहेत: माणसे जिच्यावर राहतात ती पांढरी आणि जिच्यावर जगतात ती काळी, आणि या दोन वर्णांच्या सीमेचे उल्लंघन सहसा कोणी करीत नाही. पांढरीत कोणी ज्वारी पेरीत नाही, आणि पावसाळ्यात काळी कशी होते हे ज्याने एकदा चपलेसह अनुभवले आहे तो काळीत घर बांधीत नाही. अशा मुलखात, जिथे सोयरीक जुळविताना मुलाचे नाव विचारण्याआधी 'रान किती?' असे विचारले जाते, तिथे मातीचा सर्वस्वी त्याग करून शेती करण्याचा संकल्प कोणी सोडावा, आणि तो सोडणारा गृहस्थ असा असावा की ज्याचे उभे आयुष्य तहसील कचेरीत मातीच्याच कागदांवर शिक्के मारण्यात गेले, याला मी तरी विधिलिखितच म्हणेन.

हे गृहस्थ लातूर जिल्ह्यातल्या चाकुरात आमचे शेजारी. पेशकार म्हणून ते निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, परंतु हुद्दा काही निवृत्त झाला नाही, गल्ली त्यांना पेशकारसाहेब म्हणते, आणि वहिनीसुद्धा, रागावल्या म्हणजे, "अहो पेशकारसाहेब, जेवायचं हाय का न्हाई आज?" अशी जिन्याखालून हाक देतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला, पण त्या अमलाची दफ्तरी भाषा इथून जाण्यास आजतागायत राजी नाही. खासरा, मुंतखब, पाहणीपत्रक, गिरदावर हे शब्द इथल्या जुन्या कागदांच्या घड्यांत जेवढे टिकून आहेत तेवढेच पेशकारसाहेबांच्या बोलण्यात आहेत. त्यांचे स्वतःचे रान वडवळ नागनाथच्या रस्त्याला आहे. ते बटईने दिलेले असल्यामुळे त्या रानाशी त्यांचा संबंध दोनच बाबींपुरता उरला आहे: वाट्याचे सोयाबीन व तूर घरी येणे, आणि बांध कोरल्यावरून शेजारच्या खातेदाराशी चाललेल्या दाव्याच्या तारखा. लागवडीची हौस मात्र शिल्लक होती, आणि ती त्यांनी गच्चीवर, स्वतःच्याच रानातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने माती आणवून, कुंड्यांमधून भागविण्याचे ठरविले.

आता, या काळ्या मातीचा स्वभाव कुंडीत मावण्याजोगा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हारस पसरला, त्याच्या खडकाची झीज होऊन ती घडली. तिच्यातील चिकण कण पाणी मिळाले की फुगतात आणि उन्हात आकसतात, आणि चैत्र-वैशाखात रानाला अशा भेगा पडतात की वासराचा पाय आत जावा. रानात हा तिचा गुणच ठरतो, कारण वरची माती त्या भेगांतून खाली उतरते आणि भूमी स्वतःच स्वतःला नांगरते. कुंडीत हाच गुण उपद्रवी झाला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर ती फुगली आणि दोन कुंड्या तिने उभ्या चिरल्या. उन्हाळ्यात ती काठापासून सुटून मध्ये एका ढेकळाच्या रूपाने उभी राहिली, आणि वांग्याला म्हणून घातलेले पाणी, वांग्याची भेटही न घेता, कडेच्या फटीतून थेट स्लॅबवर उतरू लागले. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढे भरते. स्लॅबने हा भार काही काळ मुकाट्याने सोसला, आणि मग देवघराच्या नेमके वर ठिबकण्यास आरंभ केला. वहिनींनी त्याच दिवशी निकाल दिला: "एकतर वर तुमची माती राहील, न्हाई तर खाली माझे देव." ज्यांच्या पूर्वजांनी माळवदाच्या घरांत राहून दर पावसाळ्यापूर्वी छपरावर नवी माती आणून चोपली, आणि त्या मातीखाली उन्हाळे सुखाने काढले, त्याच कुळात छपरावरच्या मातीला हद्दपारीचा हुकूम व्हावा, हा सिमेंटने घडविलेला एक सामाजिक बदल आहे आणि त्याची नोंद समाजशास्त्रज्ञांनी घ्यावयास हवी.

पुण्यास नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी तोडगा पाठविला. तो खोक्यातून आला. त्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या, प्रत्येक नळीला ठरावीक अंतरावर वाटोळी भोके होती, भोकांत बसणाऱ्या जाळीच्या पेल्या होत्या, भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांची एक पिशवी होती (एवढीच माती या प्रकारात क्षम्य आहे, तीही भाजून निर्जीव केलेली), एक टाकी, 'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्या, आणि एक पंप, जो पाहताच वहिनी म्हणाल्या, "हा तर कूलरचा पंप हाय." तो कूलरचाच पंप होता, फक्त किंमत शेतीची होती. दसऱ्याच्या सुमारास पेशकारसाहेबांनी नळसंचकार बोलावून ही नळ्यांची उतरंड गच्चीवर उभी केली, तेव्हा गल्लीत नाना तर्क झाले. लातूरच्या शिकवण्यांची कीर्ती आता सर्वश्रुत आहे आणि तिच्या आसऱ्याने वसतिगृह काढून स्वस्थ बसण्याचा मोह प्रत्येक निवृत्त माणसाला होतो. त्यामुळे एवढ्या नळ्या ज्या अर्थी वर चढल्या त्या अर्थी पेशकारसाहेब मुलांसाठी रांगेने न्हाणीघरे बांधीत आहेत, असा निष्कर्ष निघाला, आणि दोन पालक भाडे विचारून गेले.

मातीवाचून पीक येते, या गोष्टीवर पेशकारसाहेबांचा विश्वास कसा बसला, हे सांगण्यासारखे आहे. चिरंजीवांनी फोनवर पुष्कळ शास्त्र सांगितले. त्याचा परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो व्हॅन हेल्माँट नावाच्या ब्रुसेल्सच्या वैद्याच्या एका जुन्या हिशेबाने, जो त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला. या वैद्याने भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती तोलून एका पिंपात भरली, तीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले, पाच वर्षे केवळ पाणी घातले, आणि मग झाड उपटून तोलले ते १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली. तीत घट आली फक्त २ औंसांची. या माणसाने झाड पाण्याचेच झाले असा निष्कर्ष काढला आणि तो चुकला, कारण झाडाने आपले शरीर मुख्यत्वे हवेतील वायूपासून आणि पाण्यापासून बांधले होते. 'गॅस' हा शब्द जगाला ज्याने दिला त्यालाच झाड गॅस खाते हे दिसू नये, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक गंमतच म्हटली पाहिजे. परंतु पेशकारसाहेबांचे लक्ष वायूकडे गेलेच नाही. ते गेले त्या दोन औंसांकडे. "गुरुजी," ते मला म्हणाले, "दोनशे पौंडांची शिल्लक, पाच वर्षांची मुदत, अन् तूट दोन औंस. एवढ्या तुटीवर लेखापरीक्षणात आक्षेपसुद्धा निघत न्हाई."

आक्षेप निघाला, तो काढावयास दोनशेहून अधिक वर्षे लागली एवढेच. ती दोन औंसांची तूट म्हणजेच नत्रादी क्षारांचा तो अल्प ऐवज, ज्याच्यावाचून उरलेल्या सर्व पौंडांची उभारणी अशक्य असते. १८६० च्या सुमारास जर्मनीत सॅक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी ते क्षार पाण्यात विरघळवून, मातीचा कणही न वापरता, रोपे वाढवून दाखविली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक या प्राध्यापकाने १९२९ पासून हा प्रकार प्रयोगशाळेच्या बाहेर काढला आणि टोमॅटोचे वेल पंचवीस फूट उंच चढविले, ते इतके की फळे तोडावयास शिडी लावावी लागे. वृत्तपत्रे हर्षभरित झाली, माती आता कालबाह्य झाली असे भाकीत झाले, आणि १९३८ साली त्याच विद्यापीठाच्या होगलंड आणि अर्नोन यांनी एक पुस्तिका काढून शांतपणे सांगितले की चांगल्या मातीत जेवढे येते त्याहून या पद्धतीत काही विशेष अधिक येत नाही. एका खात्याने मंजूर केलेले प्रकरण त्याच इमारतीतील दुसऱ्या खात्याने फेरचौकशीस घ्यावे, हा प्रकार पेशकारसाहेबांना फार ओळखीचा वाटला, आणि हायड्रोपोनिक्सविषयी, म्हणजे या मातीविना शेतीविषयी, त्यांची आपुलकी वाढली.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. १९४६ पासून कालिंपोंग येथे शोल्टो डग्लस यांनी स्वस्त साहित्यात तिचे प्रयोग केले होते. मराठवाड्यात मात्र ती आली ती हौसेने नव्हे, दुष्काळाने. चाऱ्याचा तुटवडा पडला आणि जनावरे छावण्यांच्या दावणीला गेली, त्या वर्षांत मक्याचे दाणे भिजवून, ट्रेमध्ये पसरून, शेडनेटच्या सावलीत पाणी शिंपडीत आठ-दहा दिवसांत हिरवा चारा काढण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक पशुपालकांनी आत्मसात केली, आणि त्यासाठी बांबूच्या मांडण्यांखेरीज फारसे भांडवल लागले नाही. म्हणजे आमच्याकडे मातीविना पिकलेले खाण्याचा पहिला मान गायी-म्हशींचा आहे. लेट्यूस खाणारे निवृत्त अधिकारी त्यांच्या मागून आले. वहिनींना हेही मान्य नाही. त्यांच्या मते हा मान मटकीचा आहे, जिला मोड आणण्यासाठी त्यांना आजवर फडक्याखेरीज कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागलेले नाही.

खरी जमाबंदी सुरू झाली ती रोपे नळीत बसल्यावर. 'अ' आणि 'ब' या बाटल्या वेगवेगळ्या का, हा पहिला प्रश्न होता. एकीत कॅल्शियम नायट्रेट असते आणि दुसरीत सल्फेट व फॉस्फेट. हे दोन्ही द्रव दाट स्वरूपात एकत्र आले की कॅल्शियम सल्फेटाशी संधान बांधते, तळाशी जिप्समचा पांढरा गाळ बसतो, आणि दोघांपैकी कोणीही झाडाच्या उपयोगी पडत नाही. भरपूर पाण्यात, एकामागून एक, लांब अंतर ठेवून घातले तर मात्र ते सुखाने नांदतात. वाटणी न झालेल्या दोन सख्ख्या भावांविषयी आमच्या तालुक्याचा जो अनुभव आहे तो याहून भिन्न नाही.

मग मीटर आले. एक सामू दाखविणारे आणि दुसरे पाण्यातील क्षार मोजणारे. दिसावयास दोन्ही तापमापकासारखी, आणि पेशकारसाहेबांच्या खिशात पेनाच्या जागी लावलेली. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. आमच्या बोअरचे पाणी बेसाल्टच्या खडकातून वर येते ते स्वतःच एवढे खनिजसंपन्न आणि अल्कधर्मी असते की खताचा थेंब घालण्यापूर्वीच मीटर भरल्या पोटाचा आकडा दाखवते. कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी सल्ला दिला की ठिबकच्या नळ्या साफ करावयाचे फॉस्फरिक आम्ल थेंबाथेंबाने घालावे. ते घातले की सामू उतरे आणि रात्रीतून, बदली रद्द करवून घेतलेल्या कर्मचाऱ्याप्रमाणे, पुन्हा मूळ जागी रुजू होई. अखेर आर. ओ. यंत्राच्या पाण्याला पर्याय उरला नाही. आता हे यंत्र एक लिटर निर्मळ पाणी देताना दोन-तीन लिटर क्षारयुक्त पाणी बाहेर टाकते, आणि ज्या पद्धतीची पहिली ख्याती पाणी वाचविण्याची, तिच्यासाठी टाकाऊ पाण्याच्या बादल्या भरू लागल्या. त्या वहिनींनी अंगण धुण्यास ताब्यात घेतल्या. इतके स्वच्छ अंगण आमच्या गल्लीने पूर्वी पाहिलेले नव्हते.

पाण्याची थट्टा लातूर जिल्ह्यात जपूनच करावी लागते. २०१६ साली लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम पुकारावे लागले होते, आणि एप्रिलच्या १२ तारखेस मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेतलेली 'जलदूत' गाडी आली, तेव्हा तिचे स्वागत एखाद्या वरातीप्रमाणे झाले होते. त्या उन्हाळ्याची आठवण असलेल्या माणसाला, २०१५ साली ॲरिझोनातील अभ्यासकांनी मांडलेला हिशेब ऐकून भरते येणे स्वाभाविक आहे: एक किलो लेट्यूससाठी उघड्या शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागते, आणि हायड्रोपोनिक हरितगृहात सुमारे २०. पेशकारसाहेबांनी हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून जिन्यात डकविले. त्याच हिशेबाच्या पुढल्या ओळीत असे आहे की हरितगृहातील किलोभर लेट्यूसला शेतातल्यापेक्षा ऐंशीपटीहून अधिक ऊर्जा लागते; ही ओळ जिन्यात लावलेली नाही.

दफ्तर मात्र परिपूर्ण आहे. प्रत्येक नळीला गट क्रमांक, प्रत्येक भोकाला पोटहिस्सा. सकाळ-संध्याकाळचा सामू, क्षार, पाण्याचे तापमान आणि 'शेरा' असा रकाना. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याची स्वतःची जुनी प्रत काढून त्यांनी दोन दुपारी या प्रश्नात घालविल्या की जी लागवड जमिनीवर नाही, जमिनीवरील घराच्या स्लॅबवरील स्टँडवरील नळीत आहे, तिची नोंद गाव नमुना बारामध्ये होऊ शकते काय. आणि होऊ शकत नसेल तर तिला जिराईत म्हणावे की बागाईत. १५ ऑगस्ट २०२१ पासून खातेदाराने स्वतःच्या मोबाइलवरून ई-पीक पाहणी करावयाची असते. त्यांनी गच्चीवरून तो उद्योग करून पाहिला, आणि ॲपने, त्यांचे रान कोसभर लांब असल्याचे सभ्यपणे निदर्शनास आणून, नोंद नाकारली. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर 'नामंजूर' लिहिले त्याला हा शब्द एका यंत्राने ऐकवावा, याचे त्यांना वाईट वाटले नाही. उलट कामकाज नियमाप्रमाणे चालले आहे याचे समाधान वाटले.

बटईदार एकदा तुरीचे पोते घेऊन आला असता त्याला वर नेऊन हा संसार दाखविण्यात आला. त्याने एक रोप पेलीसकट उचलून त्याची पांढरीशुभ्र मुळे पाहिली, आणि उघड्यावर मुळे पाहण्याची सवय नसलेल्या माणसाच्या संकोचाने ती परत ठेवली. "मालक, ह्यात मातीच न्हाई की ओ." नाही, असे मालकांनी अभिमानाने सांगितले. "तण?" तण नाही. "निंदण-खुरपण?" नाही. "डुकरं, हरणं?" गच्चीवर कशी येतील. "बांध?" हा प्रश्न ऐकून पेशकारसाहेबांच्या मुद्रेवर जे तेज आले ते मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराच्या वेळीही पाहिलेले नव्हते, बांध नसलेली शेती म्हणजे तारीख नसलेले वर्ष. बटईदाराने थोडा वेळ विचार केला. "मग मालक, भांडायचं कुनासंगं?"

या प्रश्नात हायड्रोपोनिक्सची सगळी अडचण आली आहे, असे माझे मत आहे. मातीचे मोठे सामर्थ्य तिच्या उत्पादकतेत जेवढे आहे तेवढेच तिच्या झाकून नेण्यात आहे. काळ्या मातीचा चिकण कण खताचे अंश स्वतःला धरून ठेवतो आणि मुळांना लागतील तसे सोडतो. दोन दिवस पाणी चुकले तरी ती आपल्या ओलीवर पीक तगवते, खत जास्त झाले तर काही काळ ते पोटात घेते, आणि एवढे करूनही पीक बुडालेच तर दोष द्यावयास पाऊस, बियाणे, बांधाचा शेजारी, पैसेवारी, विम्याची कंपनी आणि सरकार हे सर्व हात जोडून उभे असतात. नळीत यांपैकी कोणीही नसतो. तिथे जे घडते ते मीटरवर दिसते, दिसते ते वहीत उतरते, आणि वहीवर सही एकाच माणसाची असते. पंप अर्धा दिवस थांबला तर माफी नाही. रब्बीत पाटाची पाळी चुकवून आठ दिवस गावाला गेलेला शेतकरी परत येऊन हरभरा काढतो. पेशकारसाहेब मात्र नांदेडला भाच्याच्या लग्नाला गेले ते अक्षता टाकून, जेवणाच्या पंक्तीची वाट न पाहता, दुपारच्या एस. टी. ने परत आले, कारण वीज गेल्याचे वहिनींनी फोनवर सहज सांगितले होते. गुढीपाडव्याला ठरविलेला सालगडीसुद्धा वर्षातून काही दिवस रजा घेतो. या मालकाला ती सोय नाही, कारण इथे गडी पंप आहे आणि दमछाक मालकाची होते.

पहिले पीक येळवशीला निघाले. वेळ अमावस्या हा लातूर-धाराशिवकडचा रानातला सण. मार्गशीर्षाच्या त्या अमावास्येला गावेच्या गावे ओस पडतात, रानात कडब्याची कोप उभी राहते, तीत पांडव मांडून पूजा होते, आणि आंबील, भज्जी, उंडे, खीर यांच्यापुढे आप्तेष्टांच्या पंगती बसतात. दरवर्षी पेशकारसाहेब सहकुटुंब वडवळच्या रानात जातात. या वर्षी त्यांनी असा मुद्दा उपस्थित केला की आपण स्वतः कसतो ती लागवड गच्चीवर असल्यामुळे पूजा तिथेच होणे न्यायाचे ठरेल. वहिनींनी तो अर्ज दाखल करून घेतला नाही. तडजोड अशी निघाली की सकाळी गच्चीवर छोटी पूजा व्हावी आणि मग सर्वांनी रानात जावे. कडब्याच्या चार पेंढ्यांची कोप नळ्यांपाशी उभी राहिली, पाच खडे मांडले गेले, हे सर्व यथासांग झाले. प्रश्न उद्भवला तो पिकावर आंबील शिंपडण्याचा. ताकातली आंबट आंबील टाकीत पडली तर सामू कितीने उतरेल, हे ठरेपर्यंत पेशकारसाहेबांनी भांडे हातातच धरून ठेवले, खिशातले मीटर काढले, आणि वहिनींनी ते भांडे त्यांच्या हातातून घेऊन नळ्यांच्या बुंध्याशी, फरशीवर, चार दिशांना शिंपडले. पांडवांनी हे चालवून घेतले असावे. रोपांना काही झाले नाही.

त्या दिवशी रानातल्या पंगतीत लेट्यूस वाढले गेले. शास्त्राच्या दृष्टीने ते निर्दोष होते: पानावर कीड नाही, मुळाशी चिखल नाही, रंग पोपटी. आमच्या भागाच्या जिभेला मात्र हे ठरविता येईना की हे कच्चे खावयाचे असेल तर कांद्याच्या पातीने काय गुन्हा केला, आणि शिजवावयाचे असेल तर ते पातेल्यात गेल्यावर जाते कुठे. वहिनींनी आदल्या दिवशी तुरीच्या डाळीत घालून त्याचे गरगटे करून पाहिले होते. एवढा पाला घालूनही वरणाचे वरणच राहिले. मग बटईदाराच्या मुलाने एक मोठे पान घेऊन त्यात भज्जी गुंडाळली, भाकरीचा तुकडा त्यावर ठेवला, आणि "पत्रावळीपरीस बरं हाय, टाकून द्याया लागत न्हाई," असा अभिप्राय दिला. या पिकाला आमच्या तालुक्यात मिळालेली ही सर्वोच्च मान्यता होय. पालक आणि पुदिना यांचे तसे नाही. ते नळीतून येवोत की वाफ्यातून, त्यांची ओळख कोणाला विचारावी लागत नाही, आणि पुदिना तर इतका माजला की त्याच्या मुळांनी नळी तुंबून पाणी स्लॅबवर आले. देवघराच्या वरती नव्हे, ही देवाची कृपा. तुळस नळीत लावण्याचा विचारही एकदा निघाला होता. तो वृंदावनापाशी पोहोचण्यापूर्वीच परत फिरला.

माघ गेला, शिमगा गेला, आणि ऊन चढू लागले. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू उणावतो. वीस अंशांच्या पाण्यात तो लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांवर साडेसातच. उन्हाळ्यात पारा बेचाळीसकडे झुकला की काळ्या टाकीतले पाणी अंघोळीला काढावे असे होते, मुळांचा श्वास कोंडतो, पिथियम नावाची बुरशी संधी साधते, आणि पांढरीशुभ्र मुळे तपकिरी, बुळबुळीत होऊन गळू लागतात. लेट्यूस तर त्याआधीच कडू होऊन फुलावर येते. पेशकारसाहेबांनी फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या टाकीत सोडण्याचा क्रम सुरू केला. फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर बाटल्यांचा ताबा बसला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींना पन्हे माठातल्या पाण्याचे मिळाले आणि गच्चीवरच्या पालकाला बर्फाचे. हे वैशाखापर्यंत चालले. मग एका दुपारी वीज गेली ती सायंकाळी आली, आणि तेवढ्या अवधीत जे व्हावयाचे ते झाले.

त्यांनी पंचनामा केला. पंच म्हणून मी आणि वहिनी. हानीचे कारण, हानीची वेळ, बाधित भोकांची संख्या, असा तो रीतसर असून पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत काढण्यात आली, जेणेकरून ती गच्ची दुष्काळग्रस्त घोषित होण्यास पात्र ठरावी. बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीस कळविण्याचा रकाना त्यांनी सवयीने लिहिला आणि मग त्यावर आडवी रेघ ओढली. वडवळच्या रानात त्याच आठवड्यात भूमी आडवी-उभी फाटलेली होती, तिच्यावर एक हिरवे पान नव्हते, आणि तिला कोणी बर्फ घातला नव्हता. मृगानंतर तीत नेहमीप्रमाणे सोयाबीन पेरले गेले आणि ते नेहमीप्रमाणे उगवले.

माझा निवाडा विचाराल तर तो असा आहे. ज्याला स्लॅब वाचवावयाची आहे, ज्याच्या घरी माणूस कायम हजर असतो, ज्याला वही लिहिण्यात खरोखर रस आहे आणि ज्याने दसऱ्याला आरंभ करून होळीला दुकान आवरण्याची तयारी ठेवली आहे, त्याने हा उद्योग खुशाल करावा; पालक आणि पुदिना लावावा, लेट्यूसच्या फंदात पडू नये, आणि टाकी पांढरी घ्यावी. उरलेल्यांनी वाफ्यात कोथिंबीर टाकावी. पेशकारसाहेबांनी यंदा पुन्हा संच उभा केला आहे, टाकीला ओले गोणपाट गुंडाळले आहे, इन्व्हर्टरची बॅटरी पंपास जोडली आहे, आणि छपराचे पावसाचे पाणी, ज्यात क्षार जवळजवळ नसतात, ते साठविण्यास जिन्याखाली पिंपे मांडली आहेत. चाकूरच्या बसस्थानकावर उतरून कोणालाही विचारले तरी त्यांचे घर सापडेल. बघण्यास जरूर जावे, नोंदवहीत अभिप्राय लिहावा; मात्र जाताना रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा वीस लिटरचे एक कॅन पावसाचे पाणी नेल्यास चहा लवकर मिळतो.